ओठावरचा फोड आणि घरातली धास्ती

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. कॉलेजात असल्यापासून वर्षातून तीन-चारदा माझ्या खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोड येतात. ताप येऊन गेला, जागरणं झाली, उन्हात फिरणं झालं की हमखास. घरात याला ‘ताप फुटला’ म्हणायचे, त्यामुळे कधी डॉक्टरांना दाखवलं नाही. गेल्या वेळी फोड आला तेव्हा नवऱ्याने मोबाइलवर शोधलं आणि विचारलं, “हे हर्पिस आहे. लैंगिक आजार असतो हा. तुला कुठून झाला?” तो चिडला नव्हता, घाबरला होता. पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी माझं ताट-वाटी वेगळी केली, कपडे वेगळे धुते, चार वर्षांच्या मुलीचा पापा घेणं बंद केलंय. घरात खाजेवरची एक ट्यूब होती, ती लावली तर फोड उलट पसरल्यासारखा वाटला. आज पुन्हा ओठ चुरचुरतोय. पुढच्या आठवड्यात नणंदेचं तीन आठवड्यांचं बाळ बघायला जायचं आहे. रक्ताची तपासणी करू का? हे मुळापासून जाईल का? आणि नवऱ्याला काय सांगू?

उत्तर :

तुमचं पत्र हाती पडताच दोन गोष्टी मी तुम्हाला लगेच कळवल्या होत्या. ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे त्यांच्यासाठी त्या इथे पुन्हा लिहिते. खाजेवरची ती ट्यूब लावणं थांबवा. आणि फोड पूर्ण बरा होऊन खपली पडेपर्यंत त्या बाळाला भेटायला जाऊ नका. पत्रातली बाकीची बहुतेक भीती तुम्ही मनातून काढून टाकू शकता. या दोन गोष्टी मात्र तुम्ही ओझरत्या लिहिल्या होत्या, आणि खरा धोका नेमका तिथेच आहे.

आता नवऱ्याचा प्रश्न. त्यांना मोबाइलवर जे सापडलं त्यातलं अर्धं बरोबर आहे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचंच दुखणं वाटतं. तीच ठरावीक जागा, आधी चुरचुर, मग पुंजक्याने येणारे पाणीदार फोड, आणि ताप किंवा ऊन झालं की उलटणं. एकदा डॉक्टरांना फोड ताजा असताना दाखवून खात्री करून घ्या, पण मला तरी फारशी शंका नाही. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. ओठावर येणारे फोड बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराचे असतात आणि तो लाळेतून, पाप्यातून, कातडीच्या स्पर्शातून पसरतो. दुसरा प्रकार प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून पसरतो. दोघांचं आडनाव एकच असल्यामुळे एकाच्या नावाचा डाग दुसऱ्यावर पडतो आणि तुमच्यासारख्या कितीतरी घरांत नसता संशय शिरतो.

हा पहिला प्रकार किती पसरलेला आहे ते तुमच्या नवऱ्याला जरूर वाचून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्के, म्हणजे ३८० कोटींच्या आसपास माणसं हा विषाणू अंगात घेऊन जगताहेत. त्यांतल्या बहुतेकांना तो लहानपणीच मिळाला. कुणी मायेने पापा घेतला, आपल्या तोंडातला घास भरवला, एवढं पुरतं. पुष्कळांना आयुष्यात एकही फोड येत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा पाहुणा आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. खुद्द तुमच्या नवऱ्याच्या अंगात तो असण्याची शक्यताही चांगलीच आहे. तुम्हाला कॉलेजपासून फोड येताहेत याचा अर्थ विषाणू त्याहीआधी कधीतरी शिरलेला असणार. त्याचा तुमच्या लग्नाशी, वागण्याशी, चारित्र्याशी काडीचाही संबंध जोडता येत नाही. कुणी जोडत असेल तर त्याला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

म्हणूनच रक्ताची तपासणी करू नका, असं मी सांगेन. त्या तपासणीत दिसतात ती प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने या विषाणूविरुद्ध कधीकाळी तयार केलेली संरक्षक प्रथिनं. विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच त्यावरून कळतं. कधी पडली, कुणाकडून आला, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. आणि घरात प्रश्न ‘कुठून’ हा असताना ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद आणून ठेवला तर गैरसमज वाढतील. निदानाबद्दल डॉक्टरांनाच शंका असेल तर ताज्या फोडातला द्रव कापसाच्या काडीवर घेऊन पीसीआर तपासणी करतात. ती उपयोगाची असते.

‘ताप फुटला’ या घरगुती निदानात निरीक्षण खरं आहे, कारण चुकलंय. अंगातली उष्णता किंवा ताप ओठावाटे बाहेर पडत नाही. होतं ते असं : पहिल्या लागणीनंतर विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूवरून आत सरकतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यात जाऊन झोपतो. या पुंजक्याला ट्रायजेमिनल गँग्लिऑन म्हणतात. तिथे आपली प्रतिकारशक्ती त्याला शोधून संपवू शकत नाही. ताप, सर्दी, जागरण, मनावरचा ताण, कडक ऊन, मासिक पाळी, ओठाला झालेली इजा, दातांची ट्रीटमेंट अशा कशाने तरी तो जागा होतो, त्याच तंतूवरून उलट चालत ओठाशी येतो आणि म्हणून फोड दर वेळी जवळपास त्याच जागी उठतो. ‘मुळापासून जाईल का’ याचं उत्तरही यातच आहे. नाही जाणार. रक्त शुद्ध करणारं, उष्णता काढणारं, ‘कायमचा इलाज’ म्हणून विकलं जाणारं काहीही त्या पुंजक्यापर्यंत पोहोचून त्याला हुसकावून लावत नाही. अशा गोष्टींवर पैसे घालवू नका. मात्र बहुतेकांच्या बाबतीत वय वाढत जातं तसा हा त्रास विरळ होत जातो, आणि आलेला फोड आवरता येतो, तो कसा ते पुढे लिहिते.

ताट-वाटी पुन्हा एकत्र करा. कपडेही सगळ्यांबरोबर धुवा. या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं आणि साध्या साबणाने ते फुटतं, त्यामुळे नेहमीप्रमाणे घासलेलं भांडं सुरक्षित आहे. शरीराबाहेर, कोरड्या जागी तो फार काळ तगही धरत नाही. फोड ओला असेल तेवढे दिवस उष्टा पेला, चमचा, टॉवेल, रेझर, लिपस्टिक आणि लिप बाम मात्र कुणाबरोबर वापरू नका. घासलेली ताट-वाटी एकत्र वापरून चार वर्षांच्या मुलीला लागण होण्याची जी शक्यता आहे त्यापेक्षा आईने अचानक जवळ घेणं थांबवल्याचा तिच्या मनावर होणारा परिणाम मला जास्त काळजीचा वाटतो.

मुलीचं असं करा. ओठ चुरचुरायला लागला त्या क्षणापासून खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत पापा नाही. साधारण सात ते दहा दिवस, कधी दोन आठवडे. तेवढे दिवस कुशीत घ्या, केसांवरून हात फिरवा, आणि तिला खरं कारण सांगा : आईच्या ओठाला बाऊ झालाय, बरा झाला की पाप्यांची उधारी फेडू. एरवी पापे घ्या, फक्त तोंडावर नको. इतकं करूनही तिला कधीच लागण होणार नाही अशी हमी मी देणार नाही, कारण फोड नसतानाही अधूनमधून लाळेत थोडे विषाणू उतरतात आणि शाळेत, खेळताना, नातेवाइकांकडून तिला तो मिळू शकतो. बहुतेक मुलांत पहिली लागण न कळताच होऊन जाते. काहींना मात्र जोराचा ताप, सुजलेल्या आणि रक्त येणाऱ्या हिरड्या, तोंडभर फोड असा त्रास होतो आणि मूल पाणीसुद्धा नाकारतं. तसं झालं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. त्या वेळी तोंडापेक्षा अंगातलं पाणी कमी होण्याची भीती मोठी असते. मुलीला इसब असेल तर आणखी जपा. इसबाच्या सोललेल्या कातडीवर हा विषाणू भराभर पसरू शकतो आणि ते तातडीचं दुखणं असतं.

आता नणंदेचं बाळ. मोठ्या माणसाच्या ओठावर आठवडाभराची कटकट करणारा हा विषाणू नवजात बाळाच्या अंगात शिरला तर मेंदू, यकृत, फुप्फुसं असा कुठेही पसरू शकतो आणि बाळ दगावू शकतं. पहिले चार आठवडे सर्वांत नाजूक. हे क्वचित घडतं, पण घडलं तर हातात वेळ थोडा असतो. म्हणून ओठावर फोड असलेल्या, येऊ घातलेल्या किंवा खपली शिल्लक असलेल्या कुणीही बाळाजवळ जाऊ नये. तोंडावर कापड बांधून, लांबूनच, पाच मिनिटं असले मधले मार्ग इथे काढू नका. नणंदेला फोन करून सरळ सांगा की माझ्या ओठावर फोड येतोय, बाळाला ते धोक्याचं असतं, बरा झाला की येईन. वाईट वाटलंच तर कारण कळल्यावर निवळेल. शिवाय फोड असो वा नसो, इतक्या लहान बाळाचे पापे पाहुण्यांनी घेऊच नयेत, तोंडाचे नाहीत आणि हाताचेही नाहीत, कारण ते हात थेट तोंडात जातात.

हे वाचणाऱ्या एखाद्या बाळंतिणीच्याच ओठावर फोड असेल तर तिने घाबरून बाळाला अंगावर पाजणं थांबवू नये. स्तनावर फोड नसेल तर दूध पाजायला हरकत नाही. हात साबणाने धुवायचे, फोड झाकायचा किंवा मास्क लावायचा, पापा घ्यायचा नाही, आणि बाळाच्या डॉक्टरांना कळवून ठेवायचं. बाळ नीट पीत नसेल, मलूल पडलं असेल, अंग तापलं असेल किंवा उलट गार पडलं असेल, झटके येत असतील किंवा अंगावर पाणीदार फोड दिसत असतील तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा आणि घरात कुणाला ओठावर फोड होता हे आपणहून सांगा. बाळाच्या अंगावर फोड दिसलेच पाहिजेत असं नाही.

आता ती खाजेवरची ट्यूब. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून एखाद दिवस बरं वाटतं, पण त्याच वेळी ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. तुमचा फोड पसरला तो बहुधा यामुळेच. अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि मलमंही या विषाणूवर काम करत नाहीत. खपलीत वरून जिवाणूंचा संसर्ग झाला, पू धरला, तरच त्यांची गरज पडते आणि तेही डॉक्टरांनी ठरवायचं.

फोडावर टूथपेस्ट, लिंबू, मीठ, स्पिरिट किंवा सेंट लावल्याने आग होते, कातडी भाजते आणि बरं व्हायला उलट जास्त दिवस लागतात. फोड सुईने फोडणं तर अजिबात नको. आतल्या द्रवात विषाणू ठासून भरलेले असतात आणि ते बोटांवर येतात.

खरा उपयोग होतो तो विषाणूविरोधी औषधांचा, आणि त्यांची वेळ ठरलेली असते. असायक्लोव्हिर हे यातलं जुनं, भरवशाचं औषध १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं. ते ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना औषधनिर्मितीच्या नव्या पद्धतीबद्दल १९८८चं नोबेल विभागून मिळालं. हे औषध विषाणूला मारत नाही, त्याला स्वतःच्या प्रती काढू देत नाही. म्हणजे प्रती काढून झाल्यावर ते लावलं तर हाती फारसं काही लागत नाही. चुरचुर, ठणका, ओठ ताणल्यासारखा वाटणं हे फोड दिसायच्या आधीचे काही तास ते फार तर एखाद-दोन दिवस असतात. औषध सुरू करायचं ते तेव्हा. खपली धरल्यावर मलम आणायला माणूस धाडण्यात अर्थ नसतो.

मलम असेल तर ते दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस, हात धुऊन, चोळल्याशिवाय टिपल्यासारखं लावायचं आणि पुन्हा हात धुवायचे. त्याने फोडाची मुदत साधारण अर्धा ते एक दिवसच कमी होते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे निराशा होणार नाही. गोळ्या जास्त उपयोगी पडतात. व्हॅलासायक्लोव्हिरचा ओठावरच्या फोडांसाठीचा कोर्स एकाच दिवसाचा असतो, बारा तासांच्या अंतराने दोन मोठे डोस. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना डोस कमी करावा लागतो आणि गरोदरपणात आधी विचारावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. तुमच्यासारख्या, चाहूल ओळखू येणाऱ्या माणसाने डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात, पर्समध्ये आणि प्रवासाच्या बॅगेत ठेवाव्यात. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. लायसिन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांबद्दल बरंच बोललं जातं. त्यामागचा पुरावा कच्चा आहे. मी त्या सुचवत नाही.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल, स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ, आणि खपली तडकू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. खपली ओढून काढू नका. आंबट, खारट, तिखट खाणं झोंबतं, तेवढे दिवस टाळलं तर बरं वाटेल. पथ्य म्हणून नाही, निव्वळ आग कमी व्हावी म्हणून. तुम्हाला ऊन बाधतं हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचा लिप बाम लावा, रुंद कडेची टोपी घाला. बामची ती कांडी फोड येईपर्यंतच वापरायची, फोडावर घासायची नाही. फोड असताना बोटावर काढून लावा.

डोळ्याबद्दल कडक शब्दांत सांगते. फोडाला लागलेलं बोट डोळ्याला लावू नका, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती थुंकीने ओली करायची सवय असेल तर आजच सोडा. हाच विषाणू डोळ्याच्या पारदर्शक पटलावर जखम करतो आणि वारंवार झाल्यास नजर जाऊ शकते. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर घरातले थेंब न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. इथेही स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालणं फार महागात पडतं.

ओठावर आलेलं सगळंच हर्पिस नसतं, याचीही नोंद असू द्या. तोंड येतं तेव्हा गालाच्या आत, जिभेवर पांढरट-पिवळ्या चकत्यांसारखे व्रण उठतात. ते या विषाणूचे नसतात आणि कुणाला लागतही नाहीत. ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात ते बहुतेक वेळा बुरशी, जिवाणू किंवा लोह आणि ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे. नागीण हा याच कुळातल्या वेगळ्या विषाणूचा, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे. तेव्हा शेजारणीला लागू पडलेलं औषध तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

नवऱ्याशी बोलताना एक गोष्ट लपवू नका, कारण अर्धवट माहितीनेच तुमच्या घरात हा घोळ झालाय. पहिल्या प्रकारचा विषाणू तोंडातून जननेंद्रियांकडेही जाऊ शकतो. म्हणून चुरचुर सुरू झाल्यापासून कातडी भरेपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन दोन्ही टाळायचं. बाकीच्या दिवसांत काही बंधन नाही. हे त्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर हे उत्तर त्यांच्या हातात द्या, किंवा डॉक्टरांकडे दोघं मिळून जा. ते घाबरले होते असं तुम्ही लिहिलंय. घाबरलेल्या माणसाला नीट माहिती मिळाली की तो सहसा सावरतो. मात्र इतकं समजावूनही त्यांनी आरोप चालूच ठेवला तर त्याचं मूळ फोडात नाही, आणि त्याबद्दल मला पुन्हा मोकळेपणाने लिहा.

डॉक्टरांकडे कधी जायचं? तुम्हाला वर्षातून तीन-चारदा फोड येतात, तेव्हा एकदा निदान पक्कं करायला आणि गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला याच वेळी जा. फोड सहसा लगेच दाखवायची वेळ मिळत नाही, म्हणून तो पाणीदार असताना मोबाइलवर उजेडात फोटो काढा आणि तारीख, त्याआधी ताप, ऊन, जागरण, पाळी यांपैकी काय झालं होतं ते त्याखाली लिहा. दोन आठवड्यांत बरा न झालेला फोड, नेहमीपेक्षा मोठा पसरलेला, डोळ्याजवळचा किंवा पू धरलेला फोड दाखवलाच पाहिजे. केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, एचआयव्ही अशा कारणांनी ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी पहिल्या दिवशीच दाखवावं. आणि पुढे कधी फोडांची संख्या वर्षाला सहाच्या वर गेली, तर रोज एक छोटा डोस काही महिने घेऊन ते रोखता येतात. त्याविषयी डॉक्टरांना तुम्हीच विचारा, कारण ‘ओठावरचा फोडच तर आहे’ म्हणून हा विषय पुष्कळदा काढलाच जात नाही.